खोऱ्याखोऱ्यांतले राज्य

१० मार्च १७०४ ची रात्र. तोरण्याच्या कड्याला दोर लावून अमानुल्लाखान या मोगल सरदाराची माणसे अंधारात वर चढली. अवघी २३ माणसे. त्यांनी वरची जागा धरून ठेवली, मागोमाग हमीदुद्दीनखानाचे लोक चढले, झुंज झाली आणि गड पडला. औरंगजेबाने त्याचे नाव ठेवले फुतूहुल्गैब, म्हणजे ईश्वरी कृपेने मिळालेला विजय. बादशहाच्या त्या अखेरच्या वर्षांतल्या मोहिमांमध्ये किल्लेदाराला पैसा न चारता, केवळ हत्याराच्या जोरावर घेतलेला गड हा एवढाच, असे इतिहासकार जदुनाथ सरकारांनी लिहून ठेवले आहे.

ही हकीकत वाचताना मी दर वेळी त्या २३ जणांपाशी थांबतो. ते मावळे होते. याच डोंगरातले, याच वाटा तुडवलेले, कड्याला बोट कुठे रुतते आणि पाय कुठे ठरतो हे जाणणारे. बादशहाकडे तोफा होत्या, हत्ती होते, काबूलपासून बंगालपर्यंतचा महसूल होता. तरी तोरण्याच्या कड्यावर चढायला त्याला मावळचीच माणसे लागली. आणि ती त्याला मिळाली.

या एका रात्रीत त्या सगळ्या युद्धाचे मर्म दडलेले आहे, असे मला वाटते. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या खोऱ्यांनी त्या काळात काय केले, ते सांगायचे तर या रात्रीपासून पंधरा वर्षे मागे जावे लागेल.

आधी मुलूख डोळ्यांसमोर आणू. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघून नसरापूरजवळ उजवीकडे वळले की मार्गासनी, विंझर करत वेल्हे येते. आता या तालुक्याचे नाव राजगड झाले आहे, पण बोलताना अजून वेल्हेच तोंडात येते. न वळता तसेच पुढे गेलो तर कापूरहोळावरून भोरचा फाटा लागतो. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या इथल्या नद्या. एकेक नदी म्हणजे एकेक खोरे, आणि दोन खोऱ्यांच्या मध्ये आभाळाला टेकलेली डोंगराची धार. पावसाळ्यात चार महिने या खोऱ्यातल्या माणसाला त्या खोऱ्यात जाणे मुश्किल. म्हणून प्रत्येक खोऱ्याचा कारभार वेगळा, देशमुख वेगळा, अभिमानही वेगळा. रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळिमकर, कानंद खोऱ्यात मरळ. बारा मावळांतली ही नावे शाळेच्या पुस्तकात शूरांची यादी म्हणून येतात. प्रत्यक्षात ती आधी वतनदारांची नावे आहेत. वसुलातला हक्क, मानपान, शिक्का आणि पदरी बाळगलेले पाईक अशी ती घराणी. विजापूरची पातशाही असो की अहमदनगरची, तिला मावळात वसूल हवा असेल तर या घरांच्या उंबऱ्यावर यावेच लागे.

शिवाजी महाराजांनी हीच घराणी जोडली. तोरणा घेतला, मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा केला आणि पाव शतक तिथून राज्य चालवले. १६५९ मध्ये अफझलखान आला, तेव्हा विजापूरचे फर्मान कान्होजी जेध्यांनाही आले होते. कान्होजी पाच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडले. त्याच रोहिड खोऱ्यात उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. एकच खोरे, एकच संकट आणि दोन घरांचे दोन निर्णय. पुढच्या पन्नास वर्षांत हे पुन्हा पुन्हा घडणार होते. महाराजांना वतनदारांचा हा स्वभाव पुरता ठाऊक होता. त्यांनी देशमुखांच्या वाड्यांभोवतीचे कोट-हुडे पाडायला लावले, हक्क बांधून दिले आणि सैन्याला रोख पगार देण्याचा शिरस्ता घातला, असे बखरकार सभासद सांगतो. राज्याला एक मध्य आला. तो आधी राजगडावर होता, मग रायगडावर गेला.

१६८९ साली त्या मध्यावरच घाव बसला.

१ फेब्रुवारीला संगमेश्वरी मुकर्रबखानाने संभाजीराजांना पकडले. ११ मार्चला त्यांची क्रूर हत्या झाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीस इतिकादखानाने रायगड घेतला. महाराणी येसूबाई आणि सात-आठ वर्षांचे शाहू कैदेत पडले. राजगड, तोरणा, रोहिडा याच वर्षी हातचे गेले, पन्हाळाही गेला. विजापूर आणि गोवळकोंडा बादशहाने तीन वर्षांपूर्वीपासून एकेक करून गिळली होती. राजधानी पडली की राज्य संपते, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. त्या दोन पातशाह्यांच्या बाबतीत तो खराही ठरला होता. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या धन्याला मावळातल्या एका डोंगरी राज्याबद्दल वेगळा विचार करावा असे वाटण्याचे कारणच नव्हते.

संभाजीराजांचे धाकटे भाऊ, नवे राजे राजाराम महाराज गड पडण्याआधीच, ५ एप्रिलला, रायगडाबाहेर पडले होते. प्रतापगड, पन्हाळा करत, वेश पालटून, केळदीच्या राणी चन्नम्माच्या आश्रयाने ते तामिळ मुलखातल्या जिंजीला पोचले. राजा इथून शेकडो कोसांवर गेला. सह्याद्रीत उरले ते रामचंद्रपंत अमात्य, ज्यांना हुकुमतपन्हा हा किताब देऊन राजाचे अधिकार दिले होते. शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक, आणि संताजी घोरपडे, धनाजी जाधव हे सेनानी. खजिना नाही, राजधानी नाही, छत्राखाली राजा नाही. शिक्के मात्र होते, कागद होता, दौत होती, आणि खोऱ्याखोऱ्यांतून ओळखीची घराणी होती.

पुढच्या वर्षभरात जे झाले ते विलक्षण आहे. २५ मे १६९० ला साताऱ्याजवळ सर्जाखान हा नामांकित मोगल सरदार बायकामुलांसह मराठ्यांच्या हाती सापडला. त्याच वर्षात प्रतापगड, रोहिडा, राजगड, तोरणा परत आले. भोर-वेल्ह्यातले तीन गड, गेले त्याच्या पुढच्याच वर्षी. या भागातला तो उद्योग प्रामुख्याने शंकराजी नारायणांचा. पुढे सचिवपद मिळालेले आणि भोर संस्थानाचे मूळ पुरुष ठरलेले ते हेच.

हे कसे जमले, असे विचारले की आपण पटकन गनिमी काव्याचे नाव घेतो. गनिमी कावा होताच. पण कावा खेळणाऱ्याला रात्री भाकर कोण देतो, घोड्याला वैरण कोण देतो, कुठल्या घाटात मोगलांचे ठाणे बसले ते कोण सांगतो? त्याचे उत्तर खोऱ्याच्या घडणीत आहे, म्हणून थोडे थांबून ती सांगतो.

खोऱ्याचा खरा कारभार गोताकडे असे. वतनाचा, शिवेचा, मानपानाचा तंटा उठला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार. साक्षी होत, जुने कागद निघत, प्रसंगी दिव्य होई, आणि मग निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्याच्या शेवटी हजर असलेल्या सगळ्यांची नावे येत. ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी येई. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, वाण्याचा तराजू. हरलेल्याकडून येजितखत लिहून घेतले जाई, म्हणजे आपला दावा खोटा ठरला अशी त्याच्याच हातची कबुली. कागद ज्याच्या त्याच्या घरी जाई, नकला दुसऱ्या घरी राहत, आणि कागदाला वाळवी लागली तरी पंचवीस माणसांच्या आठवणीत निवाडा शिल्लक राही. कुणी एकाने त्यात खाडाखोड करून भागत नसे. वरची सत्ता त्यावर शिक्का करी, पण निवाडा खरा कशाने ठरे? इतक्या लोकांनी, इतक्या जातींनी, एका ठिकाणी बसून तो मानला यामुळे.

आजच्या मुलांना हे सांगताना मला एक दाखला हाताशी मिळाला आहे. ब्लॉकचेन म्हणून जी व्यवस्था जगभर पसरली, तिचा गाभा असाच आहे. व्यवहाराची वही एका बँकेत न ठेवता हजारो संगणकांवर तिच्या प्रती ठेवायच्या आणि नवी नोंद सगळ्यांना पटेल तेव्हाच खरी धरायची. २०२१ च्या मे-जूनमध्ये चीन सरकारने ब्लॉकचेनवर चालणाऱ्या बिटकॉइन या चलनाची खाणकामाची केंद्रे एका फटक्यात बंद पाडली. तोवर या नोंदी करणारी यंत्रे सर्वांत जास्त चीनमध्येच होती. काही आठवड्यांत त्या जाळ्याची ताकद निम्म्यावर आली. जुलैत जाळ्याने आपले गणित सुमारे २८ टक्क्यांनी सोपे करून घेतले, यंत्रे इतर देशांत गेली, आणि वर्ष संपेपर्यंत ताकद पहिल्यासारखी झाली. मध्ये एक दिवसही वही बंद पडली नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक ४ मार्च २०२० ला रद्द केले, तोवर इथले व्यवहार माणसामाणसांतून चालूच राहिले होते. मावळातल्या गोताची आणि या यंत्रांची बरोबरी करावी असे माझे म्हणणे नाही. गोताला डोळे होते, नाती होती, लाज होती. यंत्राला यातले काही नाही. पण राजधानी पाडून राज्य का संपत नाही हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला दोन्हीकडे सारखीच गोष्ट दिसेल. जे एका जागी नसते, त्याला वेढा कुठे घालायचा?

रायगडाचे दफ्तर हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. शिवकाळातला मध्यवर्ती कारभार तिथे लिहिला जात होता. रायगड पडला तेव्हा ते कागद नष्ट झाले, असेच इतिहासकार मानतात. महाराजांच्या कारभाराविषयी आज आपण जे अस्सल कागद वाचतो, ते बहुतांशी राजधानीतून आलेले नाहीत. ते वतनदारांच्या वाड्यांतून आले, देशपांड्यांच्या फडताळांतून, जोशी-कुलकर्ण्यांच्या रुमालांतून आले. भोरजवळच्या कारीला जेध्यांच्या घरी एक शकावली जपून ठेवलेली होती. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या घटनांची, तिथीवार नोंदींची छोटीशी वही. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली छापली गेली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही तिथी पुढे मान्य झाली ती या शकावलीच्या आधारावर. छत्रपतींचा जन्मदिवस राजधानीतल्या दफ्तरात उरला नाही, एका देशमुखाच्या घरात उरला. आणि शेवटच्या नोंदी कुठल्या काळातल्या आहेत पाहा. राजा जिंजीत अडकलेला, गावावरून मोगलांच्या फौजा जाताहेत, आणि कारीत कुणी तरी बसून तिथ्या लिहितो आहे.

त्याच कारीला १६९० मध्ये जिंजीहून राजाराम महाराजांचे पत्र आले. बाजी सर्जेराव जेध्यांच्या नावे. कर्नाटकात फौज जमत असल्याची बातमी त्यात होती, बादशहाचा हेतू काय आहे ते होते, आणि तुम्ही एकनिष्ठ राहून हुकुमतपन्हांच्या मदतीला उभे राहा, वतनाची काळजी करू नका, असा भरवसा होता. शेकडो कोसांवरच्या राजाने एका खोऱ्याच्या देशमुखाला पत्र लिहावे, याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. जेध्यांच्या घरातही त्याआधी फूट पडली होती; एक भाऊ मोगलांना जाऊन मिळाला होता आणि संभाजीराजांनी सर्जेरावांना कडक शब्दांत पत्र लिहिले होते. हे सारे ठाऊक असूनही नवा राजा रागाने लिहीत नाही, समजावून लिहितो. कारण त्याला कळले होते की आता राज्य म्हणजे हीच घरे. रामचंद्रपंत आणि शंकराजी नारायण यांची अशीच कौलपत्रे मावळात फिरत होती. मोगलांकडे गेलात ते गेलात, परत या, वतन चालवू, नवे इनाम देऊ.

मोगलही स्वस्थ नव्हते. तेही देशमुखांना सनदा देत होते, मनसबी देत होते. मावळातल्या घराला त्या वर्षांत दोन्हीकडून कागद येत असणार, आणि घरातल्या कर्त्या माणसाला रात्री झोप लागत नसणार. शेताची नाचणी-वरई कोण नेणार, मुलगा कुणाच्या चाकरीला धाडायचा, कुठला कागद तांदळाच्या कणगीत लपवायचा. इतिहास लिहिताना आपण या घरांना निष्ठावंत आणि फितूर अशा दोन रांगांत उभे करतो. पुष्कळ घरे या दोन्ही रांगांत होती. थोरला इकडे, धाकटा तिकडे, म्हणजे जे राज्य टिकेल त्यात वतन टिकेल. मला त्यांचा राग येत नाही. वतन हीच त्यांची जमीन होती, देव होता आणि ओळख होती.

राजाराम महाराजांच्या दरबाराने मग त्या वतनाच्या ओढीलाच युद्धाला जुंपले. शिवाजी महाराजांनी जे बंद केले होते, ते मुलूख तोडून देणे पुन्हा सुरू झाले. जो सरदार मोगलाईतला जितका मुलूख मारील, त्याने त्यावर आपली फौज पोसावी. जून १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना जे वचनपत्र दिले त्यात रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद अशा टप्प्यांवर नेमणूक ठरवली होती, आणि शेवटचा टप्पा होता दिल्ली. राजा परमुलखात वेढ्यात आणि वचन दिल्लीचे! हे वाचून आजही अंगावर काटा येतो.

या व्यवस्थेत खजिन्याची गरजच उरली नाही. चौथ, सरदेशमुखी, घासदाणा गोळा करणारा सरदार जिथे असेल तिथे खजिना. खाफीखान या मोगल इतिहासकाराने नोंदवले आहे की मराठ्यांनी बादशाही मुलखात आपले कमाविसदार नेमले, वाटांवर राहदारीचे नाके बसवले, जणू दुसरे सरकारच. भीमसेन सक्सेना तर बादशहाच्या छावणीतच वावरणारा. तो लिहितो की रयत हत्यारबंद झाली आहे, मराठ्यांना मिळाली आहे आणि मनसबदारांना आपल्या जहागिरीतून पैसा मिळेनासा झाला आहे. ठाण्यावरचे मोगल फौजदार जीव वाचवायला मराठ्यांशी गुपचूप ठराव करू लागले. जिंजीचा वेढा आठ वर्षे रेंगाळला. १६९८ च्या सुरुवातीला किल्ला पडला तेव्हा राजा त्यात नव्हताच.

पण विखुरलेपणाची किंमतही त्या वर्षांत चुकवावी लागली, आणि ती लहान नव्हती. मध्याला वचक नसला की दोन बलवान माणसांमधले भांडण मिटवायला कोणी उरत नाही. संताजी आणि धनाजी यांच्यात तेच झाले. जून १६९७ मध्ये संताजी घोरपडे मारले गेले, तेही मोगलांशी लढताना नव्हे; शंभू महादेवाच्या डोंगरात, एकटे पडलेले असताना, नागोजी मान्यांच्या हातून. ज्यांच्या नावाने बादशहाचे सरदार पांढरे पडत, त्या सेनापतीला आपल्याच राज्याने गमावले. या घटनेपाशी मला त्या सगळ्या व्यवस्थेचे कौतुक पुरते करवत नाही.

दुसरी किंमत सावकाश वसूल झाली. पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. त्यात वतनदारांविषयी जे प्रकरण आहे ते वाचण्यासारखे आहे. हे लोक नावाला वतनदार, खरे म्हणजे लहान लहान राजेच. परचक्र आले की वतनाच्या आशेने आधी शत्रूला जाऊन भेटतात, घरचा भेद तिकडे पोचवतात, म्हणून त्यांना दया आणि दंड यांच्या मध्ये ठेवावे, असा त्याचा आशय. हे लिहिणारा माणूस कोण? पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने याच वतनदारांना कौल देऊन, इनामे देऊन राज्य तगवले तोच. त्याने दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. खोऱ्यांनी राज्य वाचवले आणि खोऱ्यांना एका सूत्रात ठेवणे किती अवघड आहे, हेही त्यालाच सर्वांत जास्त कळले होते. पुढच्या शतकात मराठ्यांची सत्ता सरदारांच्या सरंजामांत वाटली गेली, त्याचे बीज या आणीबाणीत पडले. ते टाळता आले असते का? १६९० मध्ये तरी दुसरा मार्ग मला दिसत नाही.

राजाराम महाराज २ मार्च १७०० ला सिंहगडावर वारले. सत्ता त्यांच्या राणी ताराबाईंच्या हाती आली. त्याआधीच, वयाच्या ऐंशीनंतर, बादशहाने ठरवले होते की आता सरदारांवर विसंबायचे नाही, गड स्वतः घ्यायचे. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, एकेक गड घेत तो उत्तरेला सरकला. गडकऱ्यांचे धोरण एव्हाना ठरून गेले होते. पावसाळा तोंडावर येईपर्यंत गड झुंजवायचा, मग बादशहाकडून भरपूर रक्कम घेऊन खाली उतरायचे. विशाळगडासाठी बादशहाने २ लाख रुपये मोजले. त्याच पैशातून पुढच्या वर्षी दाणागोटा भरायचा आणि गडावरची मोगल शिबंदी उपाशी पडली की गड परत घ्यायचा. एप्रिल १७०३ मध्ये सिंहगड घेऊन बादशहा पुण्यात राहिला. तिथे त्याचा नातू वारला, त्याच्या नावावरून पुण्याला त्याने मुहियाबाद म्हटले. आणि त्या हिवाळ्यात तो वेल्ह्याच्या डोंगरांकडे वळला.

८५ वर्षांचा बादशहा गुंजवणीच्या खोऱ्यात शिरतो आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. तोफांसाठी वाट करायला कामाठी-बेलदार पुढे धाडावे लागले. २ डिसेंबर १७०३ ला राजगडाला मोर्चे लागले. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या आणि मधोमध ताठ उभा बालेकिल्ला. एक माची पडली तरी दुसरी लढते, माच्या पडल्या तरी बालेकिल्ला लढतो. अडीच महिन्यांनी, १६ फेब्रुवारीला, गड मोगलांना मिळाला आणि त्याचा नबीशहागड झाला. आठवडाभरात तोरण्याला वेढा पडला आणि १० मार्चच्या रात्री ते २३ मावळे दोराला लागले. त्यांची नावे कोणत्याही कागदात नाहीत. ती कुठल्या खोऱ्यातली घरे होती, कुणाच्या सनदेसाठी त्यांनी कडा चढला, की निव्वळ पोटासाठी, हे विचारायला आता कोणी नाही. गडावर लढून पडलेल्यांचीही नावे नाहीत.

तोरण्यानंतर बादशहा खेडला गेला, मग कर्नाटकात वाकिनखेऱ्याच्या बेरडांवर, मग आजारी होऊन अहमदनगरला. १७०७ च्या आरंभी तो तिथे वारला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. २९ मे १७०७ ला गुणाजी सावंत आणि पंताजी शिवदेव यांनी राजगड परत घेतला. तोरण्यावर नागोजी कोकाटे यांनी माणसे चढवली आणि तो गडही आला. फुतूहुल्गैब, नबीशहागड ही नावे वेल्ह्यात कोणाच्या तोंडी बसलीच नाहीत.

शंकराजी नारायणांना मात्र हा विजय भोगता आला नाही. बादशहा मेल्यावर मोगलांनी शाहूंना सोडून दिले. ते सातपुडा उतरून आले आणि राज्य मागू लागले. ताराबाईंनी आपल्या सरदारांकडून शपथ घेतली होती. धनाजी जाधवांनी ऐन प्रसंगी शाहूंची बाजू धरली, बहुतेकांनी यथावकाश धरली. सचिवांना ते करवेना. ज्या बाईंच्या मुलाशी इमान राखण्याची शपथ वाहिली, ती मोडायची कशी? आणि समोर आलेला संभाजीराजांचा मुलगा, थोरल्या महाराजांचा नातू, त्याच्यावर शस्त्र धरायचे कसे? अठरा वर्षे त्यांनी दुसऱ्यांना कौल दिले होते, इकडून तिकडे गेलेल्यांना माफ करून पुन्हा उभे केले होते. स्वतःला मात्र तशी सवलत त्यांनी दिली नाही. १७०७ मध्येच त्यांनी आपला देह संपवला.

भोरपासून जवळ, आंबवड्याला, नागेश्वराच्या देवळाच्या परिसरात त्यांची समाधी आहे. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्याही समाध्या त्याच गावात. शाहू महाराजांनी सचिवांच्या लहानग्या मुलाकडे, नारो शंकरांकडे, सचिवपद चालवले. राजगडाची व्यवस्थाही पुढे त्याच घराकडे आली. भोरचे पंतसचिव संस्थान त्यातून वाढले आणि मार्च १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. पावसाळा सरल्यावर आंबवड्याला गेलात तर ओढ्याला पाणी असते, भातखाचरे पिवळी पडू लागलेली असतात, आणि समाधीवर कोणी तरी ताजे फूल ठेवून गेलेले असते.